चेअरमनच्या हातचं कुंकू

ऊसनोंदीचा फोल्डर रिकामा दिसला तेव्हा राजश्री साळवेनं आधी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसली, मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. फोल्डर रिकामाच होता. गावोगावच्या शेतकऱ्यांनी गणपतीच्या आधी रांगा लावून केलेल्या नोंदी, कुणी कोणत्या तारखेला लावण केली, कुणाचा ऊस कितवा तुटणार, सगळं गायब. त्या जागी एक नवा फोल्डर होता. त्याचं नाव होतं ‘साहेब बर्थडे ड्रोन’.

उद्या श्री बोरजाई सहकारी साखर कारखान्याच्या गळिताची मोळी पडून हंगाम सुरू होणार होता. तोडणीची यादी आज संध्याकाळपर्यंत गेटवर लागायची होती. गेटसमोर सकाळपासूनच माणसं जमली होती. कुणी लिंबागणेशकडून मोटरसायकलवर आलेलं, कुणी थेट चकलांब्याहून जीपला लटकून. त्यांच्यात राजश्रीचा मामा शहादेवही होता. दोन एकर ऊस, नोंद पहिल्याच आठवड्यातली. येताना पिशवीत भाकरी बांधून आणलेली, म्हणजे यादी बघितल्याशिवाय हा माणूस हलणार नाही हे ठरलेलं.

राजश्रीनं चेअरमन सुग्रीवरावांच्या पीएला, लखनला, बोलावून घेतलं. लखनच्या हातात कायम दोन मोबाइल असत आणि दोन्हींवर चेअरमनचा फोटो असे.

“लखन, नोंदीचा फोल्डर कुठंय?”

“कोणता? तो जुना व्हय? डिलीट केला की रात्री. जागाच नव्हती मॅडम. ड्रोनचं शूटिंग लई मोठं हाय.”

“जुना कावून म्हणतोस?”

“गणपतीपासून कुणी उघडलाच नव्हता. मला वाटलं कामाचा न्हाई.”

राजश्रीनं डोळे मिटले. नोंदणी संपली की नोंदी उघडायच्या नसतात. कुणी उघडू नये, कुणी बोट लावू नये, यासाठीच तर तिनं तीन वर्षं डोकं फोडलं होतं. “तुझ्याकडं पासवर्ड कसा आला?”

“साहेबांनी दिला.”

“साहेबांना कुणी दिला?”

“विठ्ठलरावांनी.”

विठ्ठलराव म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडेंट. राजश्रीनं पासवर्ड पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, त्यावर सही करून फक्त त्यांच्या कपाटात ठेवला होता, कारण नियमच तसा होता. नियम करणारेही विठ्ठलरावच.

आता राजश्रीला एवढा राग कशाचा, हे समजायला मागची गोष्ट माहीत पाहिजे. कॉम्प्युटर येण्याआधी बोरजाई कारखान्यात तोडणीचा क्रम लावायचे संचालक मंडळ. म्हणजे संचालकाचा ऊस आधी, मग त्याच्या सोयऱ्याचा, मग सोयऱ्याच्या सोयऱ्याचा, मग ज्यानं निवडणुकीत गाडी दिली त्याचा. शहादेव मामाला संचालक मंडळात कुणी नव्हतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाला कुठून असणार? त्याच्या उसाला दरवर्षी तुरा यायचा. एप्रिल उलटला की ऊस वाळून काठीसारखा व्हायचा, तेव्हा तोडणीची टोळी यायची आणि वरून म्हणायची, “काय मामा, असला कसला ऊस लावलाय?” राजश्री तिथं नोकरीला लागली, हट्टानं प्रोग्राम बसवला, जनरल सभेत हजार माणसांसमोर उभं राहून म्हणाली, “जो आधी नोंद करील त्याचा ऊस आधी तुटंल. मशीन कुणाचा मेहुणा वळखत न्हाई.” टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यामुळे चेअरमनलाही टाळी वाजवावी लागली. त्या टाळीचा सूड उगवायला ते तेव्हापासून मुहूर्तच शोधत होते. आणि आज तो लखनच्या बोटानं आयता चालून आला होता.

पण राजश्री घाबरली नव्हती. तिच्याकडे बॅकअप होता.

हा बॅकअप म्हणजे शेजारच्या काचेच्या खोलीतलं फ्रिजएवढं मशीन. दुसऱ्या एका कारखान्याचा डेटा व्हायरसनं खाल्ला अशी बातमी आली, तेव्हा सुग्रीवराव पुण्याच्या प्रदर्शनातून जे सगळ्यात मोठं दिसलं ते घेऊन आले. त्याची रीत राजश्रीनं संचालकांना खळ्याच्या भाषेत सांगितली होती. माल शेतातून आला की आधी खळ्यावर पडतो, ती डिस्क. उफणून झाला की कणगीत जातो, ती टेप. माल कणगीत गेला की खळं झाडून मोकळं, पुढच्या मालासाठी. आणि कणगीतलं परत पाहिजे असेल तर आधी खळ्यावर काढायचं, मग घरात न्यायचं. मशीनमध्ये चोवीस टेपा होत्या, प्रत्येकीच्या तोंडावर रेघारेघांच्या बारकोडची चिठ्ठी, आणि आत एक यांत्रिक हात. हा हात चिठ्ठी वाचून पाहिजे ती टेप काढायचा. संचालकांना त्यातलं बाकी काही कळलं नाही, पण हात आवडला होता. पाहुणे आले की ते काचेबाहेर उभं राहून हात बघत.

नोंदी संपून दोन महिने होत आले होते. म्हणजे माल केव्हाच खळ्यावरून कणगीत गेला होता. तेव्हापासून टेप मागायची वेळच आली नव्हती. राजश्रीनं मशीनला नोंदींची टेप मागितली. हात हलला, वर गेला, खाली आला, डावीकडे गेला, थांबला. स्क्रीनवर आलं, अशी टेप नाही. तिनं दुसरी मागितली. तीही नाही. तिसरी नाही. चोवीस टेपा समोर काचेतून दिसत होत्या आणि मशीन म्हणत होतं, मी यातल्या एकीलाही ओळखत नाही.

तिनं बीडहून फराजला बोलावलं. फराज मशीनच्या देखभालीचा इंजिनिअर. तो मोटरसायकलवरून आला, हेल्मेट टेबलावर ठेवलं, मशीनचं दार उघडलं आणि आत बघतच राहिला.

“मॅडम, ह्ये काय हाय?”

राजश्रीनं वाकून बघितलं. चोवीसच्या चोवीस टेपांच्या तोंडावर, बरोब्बर बारकोडच्या मधोमध, हळदीकुंकवाचं एकेक बोट ओढलेलं. हळद खाली, कुंकू वर. चांगलं ओलं करून, दाबून लावलेलं. वाळून पक्कं झालेलं.

“ह्ये कधी झालं?” फराजनं विचारलं.

राजश्रीला उत्तर शोधायची गरज नव्हती. खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी बॉयलरपासून टायपिंगच्या मोडक्या मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते. दसऱ्याला ती दरवर्षी आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाते, म्हणून आदल्या दिवशी रजेवर होती. जाताना खोलीला कुलूप लावून गेली होती. दुसरी किल्ली विठ्ठलरावांकडे असते, कारण नियमच तसा आहे.

विठ्ठलराव आले. कपाळाला अष्टगंध, हातात डायरी, चेहऱ्यावर काहीतरी पुण्य केल्याचं समाधान.

“हो, पूजा केली ना. तुम्ही नव्हता. म्हणून काय मशीन उपाशी ठेवायचं का? सगळ्या टेपा बाहेर काढल्या, पाटावर ओळीनं मांडल्या. चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या हातानं एकेकीला कुंकू लावलं. अर्धा तास उभे होते बिचारे.”

“विठ्ठलराव, चिठ्ठीवर लावलंय कुंकू. मशीनला चिठ्ठी वाचता येत न्हाई आता.”

“मग कुठं लावायचं? तोंडावरच लावतात कुंकू. पाठीला लावतं का कुणी?”

फराजनं खोकला आला असं दाखवून तोंड वळवलं. मग त्यानं मशीनच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. “आणि सर, ह्या खणात टेप घातली का? मशीन म्हणतंय हिथं कायतरी हाय, पण नाव सांगत न्हाई. दरवेळी हात हिथंच अडकतोय.”

विठ्ठलरावांनी चपला काढल्या. “तिथं गणपती बसवलाय.”

रिकाम्या खणात, विड्याच्या वाळलेल्या पानावर, एक सुपारी होती. यांत्रिक हात तीन आठवडे ती सुपारी उचलायचा प्रयत्न करत होता.

गणपती विठ्ठलरावांनीच उठवला. हात जोडले, पुटपुटले, सुपारी कपाळाला लावून खिशात घातली. पण कुंकवावर ते अडले. फराजनं स्पिरिटची बाटली आणि मऊ कापड काढलं तसे ते मशीनच्या आडवे उभे राहिले.

“थांबा. काय करताय?”

“पुसतोय,” राजश्री म्हणाली.

“कुंकू पुसणार? चेअरमनसाहेबांच्या हातचं? मोळी उद्यावर आलेली असताना? बाई, कुंकू पुसणं म्हणजे काय असतं, तुम्हाला कुणी शिकवलं नाही का? तुमच्यात नसेल तसं.”

ते ‘तुमच्यात’ राजश्रीनं ऐकलं. तिनं असे ‘तुमच्यात’ आयुष्यभर ऐकले होते. त्यांची तिला सवय झालेली नव्हती आणि व्हायची तिची तयारीही नव्हती. तिनं कापडासाठी हात पुढे केला. फराजनं मात्र कापड मागं घेतलं.

“मॅडम, एक मिनिट ऐका. तुमी साळवे, मी शेख. आपण दोघं मिळून खंडेनवमीचं कुंकू पुसणार. उद्या लखन मोबाइलवर काय टाकंल? यादीचं कुणी बोलणार न्हाई. आपलंच बोलतील. तुमचा प्रोग्राम तर जाईलच, माझं बीडचं दुकान पण जाईल.”

“मग काय करायचं म्हणतोस?”

“ज्यांनी लावलं त्यांनीच पुसावं. आपण फक्त बघू.”

बोलणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच राजश्रीचं टाळकं सणकलं. एका यादीसाठी माणसानं आधी स्वतःचं आडनाव तपासायचं. तिनं कापड टेबलावर आपटलं आणि चेअरमनला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

सुग्रीवरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फार शांतपणे.

“असं झालं व्हय. वाईट झालं. पण मॅडम, पूजा मोडू नका. माज्या हातचं कुंकू पुसलं असं गावात गेलं तर लोक काय म्हणतील? मोळी तोंडावर हाय.”

“साहेब, मग यादी कशी लावायची?”

“नसंल निघत तर ऱ्हाऊ द्या की. आमी हावोत ना. संध्याकाळी बसतो संचालक मंडळ, लावतो क्रम हातानं. कॉम्प्युटर नव्हता तवा काय ऊस तुटत नव्हता का? तुमी लई ताण घेता बगा.”

फोन बंद झाला. खोलीत सगळ्यांना सगळं समजलं. ज्याला मशीन आपल्या मेहुण्याला ओळखत नाही याचं दुःख होतं, त्याला मशीन कुणालाच ओळखेना झाल्याचा केवढा आनंद झाला असेल.

“मीटिंग घेऊ,” विठ्ठलराव म्हणाले. “घाई नको.”

मीटिंग तिथंच, उभ्या उभ्या झाली. विठ्ठलरावांची सूचना अशी, की कुंकवावरूनच नवी चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे कुंकूही राहील आणि मशीनलाही वाचता येईल. फराज म्हणाला, त्या चिठ्ठ्या पुण्याहून येतात, आणि कोणती कुणाच्या तोंडावर लावायची हेच तर आता माहीत नाही. एकेक टेप घालून तिचं पोट वाचत बसलं तर मोळी पडून साखर बाहेर येईल तरी वाचन चालू असेल. लखनची सूचना होती, की मशीनला चेअरमनच्या फोटोसमोर ठेवून परत चालू करून बघावं. विठ्ठलरावांनी मग विचारलं, कुंकू पुसण्याआधी एखादा छोटा विधी करता येईल का, ते गुरुजींना विचारतो. गुरुजींचा फोन लागेना. ते उद्याच्या मोळीच्या पूजेचं सामान घ्यायला माजलगावला गेले होते.

या सगळ्या वेळात बायडाबाई दारात बादली आणि फडकं घेऊन उभी होती. ती ऑफिसची फरशी पुसायची. नवरा याच कारखान्यात बॉयलरवर होता. तो गेला तेव्हा तिला कारखान्यानं ही बादली दिली. मोठ्या माणसांची मीटिंग संपल्याशिवाय फरशी पुसता येत नाही, म्हणून ती थांबली होती. थांबून थांबून तिचा एक पाय अवघडला.

“बाई, काय झालंय काय?” तिनं राजश्रीला विचारलं.

“काय न्हाई बायडाबाई. ह्या डब्यांचं कुंकू पुसायचंय. कुणी पुसायचं त्याची मीटिंग चाललीय.”

बायडाबाईनं बादली खाली ठेवली. ती आत आली, वाकून मशीनमधल्या टेपांकडे बघितलं. ओळीनं बसलेल्या, मळवट भरलेल्या चोवीस जणी.

“ह्येंचं पुसायला मीटिंग?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “माजं पुसलं तवा न्हाई कुणी मीटिंग घेतली. मालक अजून दारात व्हते. भावकीच्या दोघी बाया आल्या, येकीनं हात धरले, येकीनं पदरानं पुसलं. मी न्हाई न्हाई म्हनत व्हते. तवा ह्ये विठ्ठलराव पन व्हते की आंगनात. तुमाला आठवतंय का विठ्ठलराव? तवा म्हनला न्हाईत, थांबा, घाई नको, गुरुजींना इच्यारतो.”

विठ्ठलरावांनी डायरी उघडली. डायरीत त्या दिवसाची नोंद नव्हती. त्यांनी ती मिटली.

“द्या हिकडं,” बायडाबाईनं फराजच्या पुढ्यातलं कापड घेतलं.

“तू पुसतीस?” विठ्ठलरावांनी विचारलं.

“मग? आमी तर आदीच अपशकुनी. लगीन असलं की आमाला मागं ठिवता. पूजा असली की फरशी पुसून घेता आन दाराभाईर काडता. आता आमच्यापरास वाईट काय व्हनार हाय ह्या डब्याचं? आन उद्या कुणी इच्यारलं तर सांगा, बायडीनं पुसलं. येऊ द्या इच्यारायला माज्या दारात.”

फराजनं बाटलीतलं स्पिरिट कापडावर ओतलं. “मावशी, हळू. रेघा जाऊ देऊ नका.”

“पोरा, वीस वर्सं पुसतीया. काय जाऊ द्यायचं न् काय ऱ्हाऊ द्यायचं ते कळतं मला.”

ती एकेक टेप मांडीवर घेऊन पुसायला लागली. लहान लेकराचं नाक पुसावं तशी. विठ्ठलराव खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे त्यांनी बघितलं नाही असं पुढं सांगता येईल. कुंकू गेलं, हळदीचा पिवळा डाग राहिला, पण काळ्या रेघा उघड्या पडल्या. फराजनं टेपा खणांत बसवल्या, दार लावलं. हात हलला. पहिल्या टेपेसमोर थांबला, लाल दिवा टाकला, पुढं गेला. दुसरी. तिसरी. एकेकीचं नाव स्क्रीनवर यायला लागलं.

“वळखलं बगा,” बायडाबाई म्हणाली आणि बादली उचलून फरशीकडे वळली.

राजश्रीनं नोंदींची टेप मागितली. हातानं ती उचलली, यंत्रात घातली, टेप फिरायला लागली. आणि थांबली. स्क्रीनवर आलं, डिस्कवर जागा नाही.

“आता काय राह्यलं बे?” फराज स्वतःशीच म्हणाला.

खळं मोकळं असायला पाहिजे होतं. राजश्रीनं डिस्क उघडली. तिथं दुसरा फोल्डर. ‘साहेब बर्थडे ड्रोन भाग दोन’. तिनं मान वळवायच्या आत लखन दाराकडे सरकला होता.

“लखन. हिकडं ये.”

“सर्व्हरवर सगळं मावंना मॅडम. ह्या डिस्कवर लई जागा दिसत होती. मोकळीच पडली होती.”

“ती मोकळी पडली नव्हती. मोकळी ठेवली होती. तुझ्या घरी दारासमोर अंगण असतं ते काय कुणी जनावर बांधावं म्हणून असतं का?”

“मॅडम, ह्ये डिलीट नका करू. साहेबांचं सगळं शूटिंग हाय. वरून हार घालतानाचं. क्रेननं घातलेला हार. परत क्रेन मिळत न्हाई.”

“मी कुठं डिलीट करतीय? तूच करणारैस.”

“मी साहेबांना इच्यारून सांगतो.”

“नोंदी पुसताना विचारलं होतंस? बाहेर गेटवर माणसं बसलीत, त्यातल्या कुणाला विचारलं होतंस? ज्या बोटानं त्या पुसल्या तेच बोट आण हिकडं.”

लखननं फराजकडे बघितलं, विठ्ठलरावांकडे बघितलं. विठ्ठलराव खिडकीबाहेरच होते. शेवटी त्यानं बायडाबाईकडे बघितलं. बायडाबाई टेबलाखाली फडकं फिरवत होती. ती मान वर न करता म्हणाली, “पूस रं बाबा. पुसल्यानं काय मरत न्हाई मानूस. मी हाय की जित्ती.”

लखननं बोट टेकवलं. क्रेन गेली, हार गेला, तीन कोनांतून केक कापणं गेलं. खळं मोकळं झालं आणि कणगीतून माल वाहायला लागला. गावागणिक, नावागणिक, तारखेगणिक. राजश्री उभ्यानंच बघत होती. मामाच्या गावचं, चकलांब्याचं पान आलं तेव्हा ती खुर्चीत बसली. शहादेव मामाचं नाव जिथं असायला पाहिजे तिथंच होतं, आणि चेअरमनच्या मेहुण्याचं नाव होतं पार तळाला. कारण त्यानं नोंद शेवटच्या दिवशी, जेवण झाल्यावर, फोनवरून केली होती.

प्रिंटर सुरू झाला. राजश्रीनं कागद थंड होऊ दिले नाहीत. बायडाबाईला दिले, बरोबर खळीचं भांडं दिलं. “बायडाबाई, फरशी ऱ्हाऊ द्या. आधी हे गेटवर चिकटवा. खळ दाट लावा.”

बायडाबाई गेली आणि लखनही गायब झाला. तो कुठं गेला हे लवकरच कळलं. बाहेर पांढरी गाडी थांबली आणि सुग्रीवराव आत आले. हातात ताट. ताटात कुंकवाचा करंडा, हळद, फुलं, नारळ. चेहरा प्रसन्न.

“मॅडम, कळलं मला. लई मोठं काम केलं मशीननं. म्हनलं, असं मशीन कुटं मिळतं? त्येची उतराई व्हायला पायजे. आत्ताच पूजा करून घेऊ.”

राजश्रीनं त्यांच्या ताटाकडे बघितलं. करंडा नवा होता आणि काठोकाठ भरलेला होता.

“साहेब, सकाळी तर म्हणालात पूजा मोडू नका.”

“म्हनूनच म्हनतो ना. मोडली की परत करायला पायजे. काडा त्या टेपा भाईर. आन ह्या टायमाला मी कुंकू जरा दाट लावतो. सगळ्या आंगाला.” मग आवाज खाली आला. “गणपती पन दोन बसवू. येक त्या मोठ्या डब्यात बसवू, सर्व्हर का काय म्हन्ता त्येच्यात. यादी काय, आमी बसतो रात्री, लावतो.”

फराजनं हेल्मेट उचललं आणि परत ठेवलं. हे सोडून जाणं शक्य नव्हतं.

रागाचं एक टोक असतं, त्याच्या पलीकडे माणूस एकदम थंड होतो. राजश्री तिथं पोहोचली होती. “लावा की साहेब. मशीन तुमचंच हाय. पण यादी आता मशीनमदी न्हाई.”

“मग?”

तिनं खिडकीचा पडदा बाजूला केला. गेटच्या पत्र्यावर कागद चिकटले होते, अजून ओले. पुढं माणसांची झुंबड, आणि प्रत्येकाचा हात वर, प्रत्येक हातात मोबाइल. कुणी स्वतःच्या नावाचा फोटो काढत होतं, कुणी अख्ख्या पानाचा, कुणी घरी व्हिडिओ कॉल लावून बापाला नंबर दाखवत होतं.

“आता कुंकू लावायचं तर त्या सगळ्यांच्या मोबाइलला लावावं लागंल,” राजश्री म्हणाली. “चोवीस टेपांना अर्धा तास लागला होता तुमाला.”

सुग्रीवराव खिडकीतून बघत राहिले. बाहेरून कुणीतरी त्यांना बघितलं. “साहेब आले, साहेब पूजेचं ताट घिऊन आले,” अशी आवई उठली. “यादीची पूजा हाय.” गर्दीनं वाट करून दिली. आता आत थांबणं शक्य नव्हतं आणि ताट लपवणंही. लखननं मोबाइल काढून शूटिंग चालू केलं, कारण ते त्याचं काम होतं आणि त्याच्या मोबाइलमध्ये अजून जागा होती.

सुग्रीवराव गेटपाशी आले. टाळ्या पडल्या. त्यांनी करंड्यात बोट बुडवलं, चांगलं भरून घेतलं. कागदावर नजर फिरवली, हात खाली खाली गेला, पार तळाच्या, मेहुण्याच्या ओळीकडे.

“साहेब,” गर्दीतून शहादेव मामा म्हणाला, भाकरीची पिशवी काखेत धरून, “नंबरावर नका लावू. वर लावा, कोऱ्या जागी. वाचाया यायला पायजे.”

बोट हवेतच थांबलं. सुग्रीवरावांनी मागं बघितलं. शेकडो मोबाइल त्यांच्याकडे वळले होते. त्यांनी हात वर नेला आणि कागदाच्या माथ्यावर, कोऱ्या जागी, एक छोटं, नेमकं बोट ओढलं. इतकं छोटं, की कुणाचं काही झाकलं गेलं नाही.

तरीही बायडाबाई ओलं फडकं हातात घेऊन शेजारीच उभी होती.